आत्याबाईनं दिवा पाहिला

आमच्या घरात देव पुष्कळ होते, पण चालायचं ते आत्याबाईचं. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच तिचा नवरा गेला आणि ती आर्वीला आमच्याकडे आली ती कायमचीच. घर वडिलांचं, चूल आईची आणि हुकूम आत्याबाईचा, अशी आमच्याकडे वाटणी होती. वडील एस.टी.त कंडक्टर होते. दिवसभर गाडीभर माणसांना 'पुढं सरका' म्हणून दटावणारा हा माणूस संध्याकाळी दारात चपला काढताना आत्याबाई कुठे बसली आहे ते आधी पाहायचा आणि मग हळूच खाकरायचा. कंडक्टरकी मात्र त्यांची घरातही सुटत नसे. जेवताना ताटाच्या काठावर बोटानं एकदा टक केलं, की थांबा, भाजी अजून हवी आहे. दोनदा टकटक केलं, की झालं, गाडी सोडा. आई जन्मभर या घंटीवर चालली. राग येत नाही का, असं मी एकदा तिला विचारलं तर म्हणाली, "घरात शिट्टी नाई वाजवत, थेच लय झालं."

माझं लग्न जमवणं हा आत्याबाईचा आवडता उद्योग होता, आणि तो लवकर संपू नये अशीच तिची इच्छा असावी. बाकीचे लोक मुलाचं घर पाहायला जातात तेव्हा शेत बघतात, नोकरी विचारतात, सासू कशी बोलते ते ऐकतात. आत्याबाईला यातलं काही लागायचं नाही. ती उंबरा ओलांडून सरळ देवघराकडे जायची आणि दिव्याच्या बुडाखालून उजव्या हाताचं पहिलं बोट फिरवायची. बोट चिकट निघालं की मुलगा नापास, मग तो कलेक्टर का असेना. "ज्या घरचा दिवा चिकट, त्या घरची सून एकतं आजारी, नाई तं भांडकुदळ," हा तिचा सिद्धांत. बोट कोरडं निघालं तर तिनं आईकडे पाहून मान हलवायची आणि आईनं त्या दिव्याला हळदकुंकू लावून अक्षता टाकायच्या, असं ठरलेलं होतं. एका घरच्या लोकांना हे आधीच कळलं होतं. त्यांनी नवाकोरा दिवा आणून ठेवला. आत्याबाईच्या बोटाला दुकानाची चिठ्ठी चिकटून आली. ती चिठ्ठी तिनं घरी आणून पुढच्या दाराच्या आतून लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

कुंकू ती स्वतः कधी लावत नसे. सोयरिकीच्या कामात विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांत कडक तीच पाळायची. दिवा तपासायला तिचं बोट चालायचं, कुंकू लावायला चालायचं नाही. तेव्हा मला यात काहीच वावगं वाटलं नाही. मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. मी एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक होऊन घरात बसले होते, आणि मला बाहेर पडायचं होतं. आमच्याकडे बाहेर पडायला पोरीला एकच दार असे, ते लग्नाचं, आणि त्या दारात आत्याबाई बोट वर करून उभी होती. चार मुलं तिनं नापास केली होती. मला कोणी काही विचारलं नव्हतं. चौघांपैकी एकाचंही तोंड मी धड पाहिलेलं नव्हतं.

पाचवं स्थळ तळेगावचं आलं, श्यामजी पंतच्या तळेगावचं. मुलाचं नाव मनोहर. त्याची आई बाजाराच्या दिवशी आर्वीला आली होती, तिनं ओट्यावर बसून सांगितलं, "सरकारी नोकरी हाय. दिवा लावते."

वडील म्हणाले, "म्हंजे बिजलीत हाय का?"

"नाई. समुद्रावरतं. जहाजायले दिसाले पाह्यजे म्हून मोठा दिवा रायते ना, थो. लाइटहौस म्हनतेत."

आत्याबाई डाळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. ज्या माणसाची नोकरीच दिवा लावायची, असं स्थळ तिच्या उभ्या आयुष्यात आलं नव्हतं. तळेगावचं घर मुलाच्या भावाचं होतं, तेव्हा ते पाहण्यात अर्थ नव्हता. पोरगी नांदायची ती कोकणात, म्हणून पाहायचं ते कोकणातलं घर, असं तिनं तिथल्या तिथे जाहीर केलं. वडिलांकडे वर्षाचा कुटुंबाचा पास होता आणि तो दरवर्षी वाया जायचा. मला इतके दिवस एकटीला कोणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न निघाला, म्हणून मलाही सोबत घेतलं. मुलगा पाहायला निघालेल्या मंडळींत मुलगी, हे आमच्याकडे कोणी ऐकलं नव्हतं. आईनं मला निघताना कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या, म्हणजे निदान हात तरी शकुनाचे दिसावेत.

तो प्रवास मी सगळा सांगत बसत नाही. आईनं दुधातल्या दशम्या केल्या होत्या आणि डबाभर तेलात परतलेला मिरचीचा ठेचा घेतला होता. वडील प्रत्येक गाडीत तिथल्या कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसायचे आणि त्यानं घंटी उशिरा मारली की कपाळाला हात लावायचे. घाटात आईला उलट्या झाल्या, आत्याबाईनं तिला ठेचा चाटवला आणि उलट्या थांबल्या, हे वैद्यकशास्त्राला अजून न सुटलेलं कोडं आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर एकदम समुद्र दिसला. आईनं हात जोडले. मी नुसती बघत राहिले. आत्याबाईनं खिडकीतून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे समदं खारं हाय?" वडील म्हणाले, "हाव." "मंग काय कामाचं," असं म्हणून तिनं पदर तोंडावर घेतला आणि झोपली.

दीपगृह काळ्या खडकाच्या टोकावर होतं. खाली लाटा आपटून फेस उडत होता, आणि वारा असा की दोन बायकांना एकमेकींचा पदर धरून चालावं लागलं. मनोहर सामोरा आला. काळासावळा, बारकासा, अंगात बंद बांधायची बंडी. आत्याबाई माझ्या कानाशी म्हणाली, "सरकारी मानूस अन् सदऱ्याले गुंडी नाई?" मी मान खाली घातली होती, त्यामुळे मला गुंडीही दिसली नाही आणि माणूसही. दिसले ते त्याचे पाय. स्वच्छ होते. त्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही चहा घेतला आणि दशम्या-ठेचा खाल्ला. ठेच्याचा घास घेतल्यावर त्यानं जरा वेळ डोळे मिटले. गावाकडचं तिखट त्याला सहा महिन्यांनी मिळत होतं. शेजारच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज येत होता. त्याचा जोडीदार तापानं पडला होता.

आत्याबाईनं हातावर चूळभर पाणी घेतल्यासारखं केलं, हात पदराला पुसले आणि देवघर शोधायला उठली. देवघर नव्हतंच. भिंतीवर एक कॅलेंडर, त्यावर गणपती, आणि त्याच्यासमोर उदबत्तीची राख.

"दिवा कुठी हाय?" तिनं विचारलं.

मनोहरनं भाबडेपणानं वर बोट केलं. "वरतं हाय. चाला, दाखवतो."

आम्ही चढायला लागलो. गोल गोल लोखंडी जिना, मधे मधे खिडक्या. आत्याबाई दर खिडकीशी बसायची. ती बसली की वडील जिन्याच्या कठड्यावर एकदा टक करायचे, आणि पुढे मनोहरही मुकाट थांबायचा. त्याला ही भाषा इतक्या लवकर कशी कळली, याचं मला चालता चालता नवल वाटलं. शेवटी वरच्या काचेच्या खोलीत पोचलो. मनोहरनं कापडाचा पडदा बाजूला केला. मधोमध माणसाहून उंच भिंग उभं होतं. काचेच्या पट्ट्यांवर पट्ट्या, पितळेच्या चौकटीत बसवलेल्या, आणि प्रत्येक पट्टीत समुद्र उलटा. आत्याबाईही त्यात उलटी दिसत होती, आणि एकटी नाही, दहाबारा. आमच्या घराला एक झेपत नव्हती.

तेवढ्यात खाली जोडीदाराला पाणी द्यायची वेळ झाली. "कायलेच हात लावू नका, मी आलोच," असं सांगून मनोहर खाली गेला. ही त्याची चूक. आमच्या आत्याबाईला दिव्यापाशी एकटं सोडू नये, हे त्याला तळेगावात कोणीतरी सांगायला हवं होतं.

तो वळणाआड होताच तिनं बोट पुढे केलं. चौकटीच्या खालच्या कडेपासून वरपर्यंत, काचेवरून, सावकाश. मग बोट उजेडात धरून पाहिलं. कोरडं ठणठणीत. माझ्या जन्मात मी तिच्या तोंडावर तसा आनंद पाहिला नव्हता. तिनं आईकडे बघून मान हलवली. आईनं करंडा काढला. एवढ्या मोठ्या दिव्याला एकच टिळा ओका-बोका दिसेल म्हणून तिनं एकेका काचेला हळदकुंकू लावलं, मूठभर अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. वडील चौकटीवरची पितळी पाटी वाचण्यात दंग होते. मग आत्याबाईच्या ध्यानात आलं की जिथून तिचं बोट फिरलं तिथे काचेवर एक लांब, धुरकट रेघ उठली आहे. ठेच्याचं तेल. ती पुसायला तिनं पदर घेतला. पदरही तेलकटच होता. रेघेचा पट्टा झाला, पट्ट्यात कुंकू मिसळलं, आणि बघता बघता अर्धं भिंग रंगपंचमी खेळल्यासारखं झालं.

"हात काढा."

मनोहर जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तो ओरडला नाही. पण त्या दोन शब्दांनी आत्याबाईचा हात खाली आला. तिला असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं, तिच्या भावानं नाही, गावानं नाही. खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या झाल्या. मग तिचं तोंड पाहिलं आणि त्या थांबल्या.

"बोटायएवढी घान इथं लागली, तं तिकडं समुद्रावरतं उजेड फुटते," मनोहर म्हणाला. "लोकं बोटी घेऊन वापस येऊन राह्यले. सूर्य बुडाले तास नाई राह्यला. मले खाली जाऊन भिंग फिरवाच्या वजनाची चावी भराची हाय, राकेलचा पंप माराचा हाय, अन् जोडीदार तापात हाय. हे कोन पुसन?"

वडील म्हणाले, "चाला खाली." सोयरीक मोडली, असा त्याचा अर्थ होता. मलाही तो कळला. पाचवा मुलगाही गेला. आर्वीचा ओटा, डाळीचं सूप आणि ताटावरची टकटक माझी वाट पाहत होती.

भिंतीवर पाटी होती. अंगठी, बांगडी, घड्याळ काढल्याशिवाय भिंगाला हात लावू नये, आणि गुंडीचे कपडे घालू नयेत. काचेला ओरखडा पडला तर तो जन्माचा. बंडीचं कोडं तिथे सुटलं. वडिलांच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती, ती काढायला आधी बोट काढावं लागलं असतं. आईच्या हातात सौभाग्याचा चुडा, तो निघणं शक्य नाही. मी पुढे झाले आणि माझ्या बांगड्या काढायला लागले. दोन निघाल्या. तिसरी मनगटावर आली तेव्हा आत्याबाईनं माझा हात धरला.

"घाल त्या बांगड्या," ती म्हणाली. "लग्नाच्या पोरीचे हात उघडे नाई कराचे." मग ती मनोहरकडे वळली आणि आपले दोन्ही हात पुढे केले. "माहे मोकळेच हायेत. लय वर्सं झाले. सांग, काय कराचं थे."

मनोहरनं तिच्या हातांकडे पाहिलं. दया नाही, अवघडलेपण नाही. सुतारानं पटाशीकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाला, "नखं कापेल हायेत का?" तिनं नखं दाखवली. "बेस. पह्यले साबनानं हात धुवा." खालून आणलेल्या बादलीत तिनं दोनदा हात धुतले. त्यानं तिला स्पिरिटची बाटली आणि मऊ कापडं दिली. "वरून खाली पुसा. गोल नाई. अन् अक्षता पह्यले हातानं येचा, घासू नका." एवढं सांगून तो दोन-दोन पायऱ्या सोडत खाली गेला.

मी तिथे उभी राहून पाहत होते. आत्याबाईनं एकेक दाणा टिपला. मग पुसायला लागली. वारा काचांवर आदळत होता, खालून पंपाचा फुसफुस आवाज येत होता, आणि ती बाई, जी आमच्याकडे पाण्याचा तांब्या स्वतः उचलत नसे, गुडघ्यावर बसून कोपरे शोधत होती. मनोहर मधेच वर आला, पलीकडच्या बाजूनं डोळा लावला आणि म्हणाला, "इथं राह्यलं." तिनं परत पुसलं. तो परत आला. "वरतं राह्यलं." साऱ्या तालुक्यातल्या मुलांना नापास करणाऱ्या बाईला एक बंडीवाला पोरगा दोनदा नापास करत होता, आणि ती "कुठी, दाखव," म्हणून पुन्हा कापड घेत होती. मला तिच्याबद्दल तोवर कधी प्रेम वाटलं नव्हतं. धाक वाटायचा, राग यायचा. त्या संध्याकाळी मला तिच्याबद्दल एकदम खूप प्रेम वाटलं आणि मी ते लपवायला समुद्राकडे तोंड केलं.

तिसऱ्यांदा त्यानं पाहिलं आणि नुसतं "झालं" म्हणाला. आमची ती कुंकवाची मूठभर सोयरीक बादलीत लाल होऊन पडली होती. त्यानं दिवा पेटवला, भिंग हलकेच फिरायला लागलं, आणि त्यानं आम्हांला खाली पाठवून दिलं.

मागच्या हिवाळ्यात मी ते दीपगृह पुन्हा पाहून आले. आता तिथे तिकीट काढावं लागतं. दिवा आपोआप लागतो, आणि ते भिंग खाली एका खोलीत काचेच्या पेटीत ठेवलं आहे, ऐतिहासिक म्हणून. पेटीवर पाटी आहे, स्पर्श करू नये. पेटीची काच मात्र चिकट होती. मी बोट फिरवून पाहिलं. सवय कुठे जाते.

त्या संध्याकाळी आम्ही खाली ओट्यावर बसलो. समोर उजेडाचा पट्टा पाण्यावरून फिरत होता, आणि लांबून तीन-चार बोटी किनाऱ्याकडे येत होत्या. शेवटी वडिलांनी धीर केला.

"बाई, मंग? नाईच म्हनू ना त्याले?"

आत्याबाई आपल्या हातांकडे पाहत होती. स्पिरिटनं ते पांढरे पडले होते. "लोकं माहे हात पाह्यले का हळदकुंकवाचं ताट बाजूले सरकवतेत," ती म्हणाली. "यानं काम सांगतलं." मग नेहमीच्या आवाजात, "अन् मले काऊन इचारतं? नांदाचं तिले हाय. तिले इचार."

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गाडीतल्या सीटनं बोलायला सुरुवात केली आहे. आईनं तोंडाला पदर लावला. एवढी वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली होती. मी उठले. "आलीच," म्हटलं आणि कोणाची परवानगी न घेता जिना चढायला लागले.

वर मनोहर स्टुलावर बसून भिंगाच्या फिरण्यावर लक्ष ठेवून होता. मला एकटीला पाहून दचकून उभा राहिला. "काई राह्यलं काय वरतं?"

"हाव," मी म्हटलं. "सगळ्यायनं दिवा पाह्यला. पोरगा पाह्याचा राह्यला होता."

तो बिचारा हात बाजूला सोडून तपासणीला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला. मी अंमळ निवांतपणे पाहिलं. कान जरा मोठे होते. डोळे थकलेले आणि सरळ. घाम पुसताना त्यानं तेच कापड कपाळाला लावलं असणार, कारण दोन भुवयांच्या मधोमध आईचं कुंकू होतं, पुसट, पण चांगलं बोटभर. त्याला त्याचा पत्ता नव्हता. मी सांगितलं नाही.

"मंग?" त्यानं विचारलं.

"चाला खाली. बाबा वाट पाहून राह्यले."

दिवा सोडून त्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त येता येणार नव्हतं, म्हणून तो धावतच उतरला, मी मागून. ओट्याशी उजेडात आल्यावर आत्याबाईनं त्याच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं मान हलवली नाही, नजर माझ्यावरच ठेवली. मान मी हलवली.

वडिलांनी ओट्याच्या कठड्यावर बोटानं दोनदा टकटक केलं.